अंघोळीच्या ऊन पाण्यासाठी गॅस की वीज? बेळगाव भागातील घरांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात दिवाळी सरली की पहाटेचा पारा बारा-चौदा अंशांपर्यंत उतरतो आणि जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला काही रात्री त्याहूनही गारठा पडतो. तरीही दुपारचे ऊन चांगले तापत असल्यामुळे अख्खे घर उबदार ठेवण्याची गरज आपल्याकडे क्वचितच भासते. हिवाळ्यातला खरा खर्च होतो तो अंघोळीच्या पाण्यावर. परसातल्या न्हाणीत चुलीवर हंडा चढवण्याची पद्धत जळणाअभावी मागे पडत चालली आहे आणि तिच्या जागी गॅस गिझर घ्यावा की विजेचा, याचा निर्णय बहुतेक घरांत दुकानातल्या किमतीकडे पाहून होतो. हा निर्णय आधी न्हाणीघराची भिंत पाहून करावा आणि पैशांचा हिशोब त्यानंतर मांडावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

भिंत यासाठी, की गॅस गिझर हा जळण्यासाठी खोलीतली हवा वापरतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळण्यासाठी सुमारे १२ घनमीटर हवा लागते. घरगुती गॅस गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो, तर पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि आठ फूट उंच अशा न्हाणीघरात एकूण हवाच साडेचार घनमीटर असते. दार-खिडकी लावून कोणी दहा मिनिटे अंघोळ केली, तरी त्या हवेचा मोठा भाग ज्योतीतून गेलेला असतो. प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. सिलिंडरच्या गळतीचा जो उग्र वास आपल्याला ठाऊक असतो, तो न जळलेल्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत येथे प्राणघातक ठरते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मग चक्कर व मळमळ येते आणि पायांतली शक्ती गेल्यामुळे माणूस कडीपर्यंतही पोचू शकत नाही.

म्हणून गॅस गिझर बसवायचाच असेल, तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मागील दारी किंवा उघड्या व्हरांड्यात, पावसाच्या आडोशाला बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. सिलिंडरही बाहेरच, सपाट जागी उभा ठेवावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळालेला गॅस खाली साचतो, त्यामुळे खड्ड्यालगत किंवा गटारीजवळ सिलिंडर ठेवू नये. शहापूर, वडगाव, अनगोळ येथील जुन्या, भिंतीला भिंत लागलेल्या घरांत न्हाणी घराच्या मधोमध असेल आणि तिला बाहेरची भिंतच नसेल, तर गॅसचा विचार तिथेच सोडून द्यावा. फ्लॅटमधील न्हाणीघराची खिडकी अरुंद डक्टमध्ये उघडत असेल, तरीही माझे उत्तर हेच आहे. तो धूर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे जाण्याची शक्यता असते. बऱ्याच गिझरांना वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, पण लहान न्हाणीघरात वीस मिनिटे हा फार मोठा काळ आहे, हे लक्षात ठेवावे.

आता पाण्याचा दाब पाहावा. तत्काळ तापवणाऱ्या गॅस गिझरची ज्योत पाण्याच्या दाबावर पेटते आणि दाब कमी असेल तर ती पेटतच नाही. टाकी गिझरपासून किमान आठ-दहा फूट उंच हवी. खानापूर तालुक्यातील कौलारू बैठ्या घरांत जिथे टाकी न्हाणीच्या भिंतीवरच ठेवलेली असते किंवा हौदातून पाणी घेतले जाते, तिथे हा गिझर निरुपयोगी ठरतो. विजेच्या साठवणीच्या गिझरला मात्र थोडा दाबही पुरतो. याउलट, गॅस गिझरची ठिणगी दोन सेलवर पडत असल्यामुळे पहाटे वीज गेली तरी पाणी तापते, आणि ज्या गावांत भारनियमन किंवा वारंवार बिघाड होतो तिथे ही मोठी सोय आहे.

जागा आणि दाब या दोन्ही कसोट्यांना घर उतरले की मगच खर्चाकडे वळावे. वीस लिटरची एक बादली वीस अंशांवरून चाळीस अंशांपर्यंत तापवायला, थोडी उष्णता वाया जाते ती धरून, साधारण अर्धा युनिट वीज लागते. त्याच बादलीला, गॅस गिझरची कार्यक्षमता ऐंशी टक्के मानली, तर सुमारे ४५ ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमधून तीनशेच्या आसपास बादल्या निघतात. युनिटला सहा रुपये आणि सिलिंडरला नऊशे रुपये धरल्यास दोन्हीकडे एका बादलीला जवळपास तीन रुपये पडतात. चौघांच्या कुटुंबाला रोज चार बादल्या धरून महिन्याला ६० युनिट वीज किंवा साडेपाच किलोच्या आत गॅस लागेल. आपले चालू दर घालून हा हिशोब घरीच करावा. दर थोडे वरखाली झाले तरी फरक फार मोठा पडत नाही.

फरक पाडते ती गृहज्योती योजना. कर्नाटक सरकारने २०२३ साली सुरू केलेल्या या योजनेत २०२२-२३ मधील मासिक सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के, इतकी वीज मोफत मिळते. मर्यादा २०० युनिटांची आहे. ठरलेल्या कोट्यापेक्षा जास्त पण दोनशेच्या आत वापर झाला, तर वरच्या युनिटांचेच पैसे भरावे लागतात. वापर दोनशेच्या पलीकडे गेला, तर त्या महिन्याचे पूर्ण बिल येते. समजा, आपली सरासरी ७० युनिट होती. कोटा ७७ चा झाला आणि नव्या गिझरने वापर १३० वर गेला, तर ५३ युनिटांचे, म्हणजे सहा रुपये दराने तीनशे रुपयांच्या थोडे वर पैसे भरावे लागतील; गॅसचा खर्चही तेवढाच आला असता. पण सरासरी १७० युनिट असलेल्या घराने तेच ६० युनिट वाढवले, तर एकूण वापर २३० होऊन जवळपास चौदाशे रुपयांचे बिल हाती पडेल. अशा घराला, जागा आणि दाब अनुकूल असल्यास, हिवाळ्याचे तीन महिने गॅस निश्चित स्वस्त पडतो. ज्यांच्या घरी २०२२-२३ मध्येही विजेचा गिझर होता, त्यांचा वापर सरासरीत आधीच धरला गेलेला आहे. म्हणून हेस्कॉम या आपल्या भागातील वीज कंपनीच्या बिलावरील कोट्याचा आकडा पाहिल्याशिवाय गिझर खरेदी करू नये.

विजेचा गिझर घेणाऱ्यांनी वायरिंगमध्ये काटकसर करू नये. दोन हजार वॅटच्या गिझरला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. अर्थिंग तपासून घ्यावे, आणि तेही उन्हाळ्याआधी एकदा पुन्हा पाहावे, कारण पावसाळ्यानंतर जमीन सुकत जाते आणि जांभ्या दगडाच्या भागात अर्थिंगच्या खड्ड्याला ओल राहत नाही. त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालणे हा साधा पण महत्त्वाचा उपाय आहे. व्होल्टेज २३० ऐवजी १८० वर उतरले, तर गिझरची ताकद साठ टक्क्यांच्या आसपास राहते आणि पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो. गावाकडे असे होत असल्यास त्याला गिझरचा दोष मानू नये. बादलीत सोडण्याचा रॉड स्वस्त असला, तरी मुले असलेल्या घरात मी त्याची शिफारस करणार नाही. तो वापरावाच लागला, तर प्लग काढून मगच पाण्याला हात लावावा.

चिकोडी, रायबाग, अथणी भागात बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड, म्हणजे क्षारांचे, असते. त्याचा पांढरा थर हीटरवर बसतो आणि गॅस गिझरच्या बारीक नळ्याही त्याने तुंबतात. अशा घरांनी दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर गिझर उघडून साफ करून घ्यावा.

खोली तापवण्याबाबत थोडक्यात. घरात तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस असेल, तर त्यांच्या एका खोलीपुरता आत तेल भरलेला विजेचा हीटर पुरेसा आहे. दीड हजार वॅटचा हीटर सलग तीन तास चालला तर साडेचार युनिट वीज खातो, म्हणून आधी कौलांखालच्या आणि दारांखालच्या फटी बुजवाव्यात. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटवून कोणीही झोपू नये. गिझरच्या ज्योतीबद्दल वर जे सांगितले, ते येथेही जसेच्या तसे लागू आहे आणि झोपेत डोके जड झाल्याचे कळतही नाही.

गॅस गिझर बसवल्यावर ज्योत निळी आहे ना, हे दर आठवड्याला पाहावे. ती पिवळी दिसली किंवा काजळी धरू लागली, तर गिझर बंद ठेवून मेकॅनिकला बोलवावे. आयएसआय शिक्का असलेली सुरक्षा होज (गॅसची नळी) वापरावी आणि ती पाच वर्षांनी बदलावी. गळतीचा संशय आल्यास रेग्युलेटर बंद करावा, विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. न्हाणीत कोणी भोवळ येऊन पडले, तर आधी दार उघडून त्या माणसाला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि लगेच १०८ वर फोन करावा. उलटी किंवा डोकेदुखी पित्ताची असेल असे समजून त्याला घरीच झोपवून ठेवू नये; डॉक्टरांना गॅस गिझर चालू होता, हे आवर्जून सांगावे.