तांबडी माती, काळी-पांढरी फिल्म: शूटच्या आधी काय काय बघायचं

कोल्हापुरात कुस्तीवर छोटी फिल्म करायची आणि तीही खऱ्या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर, असं ठरलं की पहिली भेट वस्तादांची घ्या, कॅमेरावाल्याची नंतर. तालमीत मेहनत पहाटे सुरू होते आणि तुमच्या लाइटच्या सोयीनं ती कुणी पुढं ढकलणार नाही. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, चप्पल-बूट चालत नाहीत. ट्रायपॉड कुठं ठेवायचा, त्याच्या पायांखाली काय घालायचं, तेही त्यांनाच विचारा. युनिटमध्ये मुली असतील तर ते आधीच बोलून घ्या, नाहीतर दारात उभं राहून समजूत काढण्यात सकाळचा उजेड निघून जातो.

मग फिल्मचा हिशेब. १६ मिमीचा ४०० फुटी रोल सेकंदाला २४ फ्रेमनं ११ मिनिटं चालतो. पंधरा मिनिटांची फिल्म आणि एकास पाच हे प्रमाण (पडद्यावरच्या एका मिनिटासाठी पाच मिनिटं शूट) धरलं तर ७५ मिनिटं, म्हणजे सात रोल. लोडिंगमध्ये वाया जाणारे फूट आणि उरलेले तुकडे धरून आठ मागवा. पैलवान हवेत उडतानाचा शॉट ४८ फ्रेमला घ्यायचा असेल तर तोच रोल साडेपाच मिनिटांत संपतो, हे डायरेक्टरला लेखी द्या. तोंडी सांगितलेलं सेटवर कुणाला आठवत नाही. स्टॉक, म्हणजे कच्ची फिल्म, कोडॅकची डबल-एक्स घ्या. १९५९ पासून ती चालू आहे, आणि २०२३ च्या ‘ओपनहायमर’साठी कंपनीनं तीच ६५ मिमी रुंदीत बनवून दिली. फिल्मचा वेग (आयएसओ) दिवसाच्या उजेडात २५०, बल्बच्या पिवळ्या उजेडात २०० असा लाइट मीटरवर लावा.

आता खरं काम, आणि इथंच बहुतेक जण घाई करतात. डोळ्यांना कोल्हापूर रंगीत दिसतं: तांबडी माती, हिरवा ऊस, भगवा फेटा, तांबडा लंगोट. फिल्मला यातलं काहीच दिसत नाही, तिला फक्त किती उजेड आला एवढंच कळतं. तांबड्या मातीत लोळलेला सावळा पैलवान आणि ती माती, दोन्ही जवळपास एकाच राखाडी रंगाचे होतात आणि धोबीपछाड मारला कुणी, पडलं कोण, हे पडद्यावर समजत नाही. लेन्सवर तांबडा फिल्टर लावून हे सुटेल असं वाटतं, पण सुटत नाही. माती उजळते, कातडीही उजळते आणि तांबडा लंगोट दोघांत मिसळून जातो. वर फिल्टर तीन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे २५० ची फिल्म तीसेकवर येते. तालमीच्या आत एवढा उजेड आणणार कुठून? फिल्टर ठेवावा बाहेरच्या शॉटसाठी. पंचगंगेच्या घाटावर ढग उठून दिसायला हवेत तर पिवळा पुरतो, तो साधारण एकच स्टॉप घेतो.

आत मात्र वेगळेपणा लाइटनं आणायचा. एका बाजूनं किंवा मागून उजेड आला की घामावर चकाकी येते, उडालेली धूळ पांढरी दिसते आणि पाठीची कड मातीपासून सुटते. एका जोडीदाराला पांढरट आणि दुसऱ्याला अगदी गडद लंगोट द्या, रंग कुठला ते महत्त्वाचं नाही. फेटेवाले उसाच्या फडासमोर उभे करणार असाल तर भगव्याऐवजी पांढरा फेटा बांधा, कारण भगवा आणि उसाचा पाला बऱ्याचदा सारखेच येतात. मोबाइल मोनोक्रोमवर टाकून सगळे कपडे एकदा बघून घ्या. तो अंदाज झाला. पुरावा हवा तर १०० फुटांचा एक रोल टेस्टला खर्च करा, पावणेतीन मिनिटं मिळतात. निर्माता कुरकुर करेल, करू दे.

रक्तासाठी मेकअपवाल्याला तांबडा रंग आणायला लावू नका. गुऱ्हाळावरून तांब्याभर काकवी आणा. घट्ट, गडद, ओघळते छान, आणि रंग कुठला हे फिल्मला कळत नाही. मुंग्यांचा बंदोबस्त मात्र तुमचा तुम्ही करा. गुऱ्हाळावरच रात्री शूट असेल तर भट्टीच्या जाळाभोवती उजेडाची आभा पसरेल. रंगीत निगेटिव्हच्या पाठीला वर्षानुवर्षं ही आभा अडवणारा काळा काजळीचा थर असायचा, ह्या फिल्मला तो नाही. आभा हवी असेल तर उत्तम, नको असेल तर जाळ फ्रेमबाहेर ठेवा.

बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला. त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला आंधळी असायची, म्हणून ती तांबड्या दिव्यात हाताळता यायची. आजची फिल्म सगळ्या रंगांना जागी असते, तेव्हा लोडिंग पूर्ण काळोखात किंवा चेंजिंग बॅगमध्येच, म्हणजे हात घालून काम करायच्या उजेडबंद पिशवीत. लोडिंग करणाऱ्या पोराला वाया गेलेला एक रोल देऊन आठवडाभर आधी बसवा, आधी उघड्या डोळ्यांनी, मग मिटून. एप्रिलमध्ये पिशवीत हात घामेजतात, जवळ टॉवेल ठेवा. त्याचे हात पिशवीत असताना त्याला कुणीही हाक मारायची नाही, डायरेक्टरनंसुद्धा. रोल फ्रिजमध्ये ठेवा, पण पांढऱ्या रश्शाच्या भांड्याशेजारी नको. वापरण्याआधी तीन-चार तास बाहेर काढून कॅन बंदच राहू द्या, नाहीतर आत दव धरतं.

तालमीतल्या ट्यूबलाइट बंद करा. करता येत नसतील तर २५ फ्रेमला शूट करा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. प्रत्येक रोलनंतर गेट, म्हणजे कॅमेऱ्यात लेन्समागं फिल्म जिथून सरकते ती चौकट, तपासा, तालमीत धूळ असतेच. कलाजंग किंवा ढाक हे डाव पैलवानांनी हळू चालीनं चार वेळा करून दाखवल्यावरच कॅमेरा चालू करा. ताकदीनं ते तीनदा होतील, चौथ्यांदा दम संपलेला दिसतो.

लॅबला फोन आत्ता करा, शूट संपल्यावर नाही. ब्लॅक अँड व्हाइटची रसायनं लावली आहेत का, कधी लावणार, हे विचारून घ्या. माझा एक रोल एके ठिकाणी रंगीतच्या रसायनात गेला. त्यात चित्र धरणारी चांदी धुतली जाते आणि रंगीत फिल्मसारखा ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मागं रंग उरत नाही. परत आली ती काचेसारखी स्वच्छ पट्टी, चारशे फूट. तेव्हापासून प्रत्येक कॅनवर रोल नंबर, स्टॉक, फूट, तारीख आणि मोठ्या अक्षरांत ‘ब्लॅक अँड व्हाइट’ असं मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे लिहितो.

रोल कुरिअरनं पाठवू नका आणि विमानानंही नको, एक्स-रेचा धोका आहे. आपला माणूस रात्रीच्या मुंबई गाडीत बसवा. पिशवी डिकीत नाही, मांडीवर. कराडला चहाला उतरला तरी ती खांद्यावरच, हे त्याला दोनदा सांगा.