फोन घरी, कॉल मनगटावर

नागपुरात फुटाळा तलावावर फिरायला जाताना फोन घरी ठेवायचा असेल, तर ॲपल वॉचचं सेल्युलर, म्हणजे स्वतः मोबाइल नेटवर्क पकडणारं मॉडेलच हवं. नुसत्या जीपीएस मॉडेलमध्ये नंतर सिम घालता येत नाही, म्हणून सीताबर्डीत बिल करण्याआधी डबा वाचा.

नंबर आयफोनचाच राहतो, पण घड्याळाची ई-सिम (आतच बसवलेलं डिजिटल सिम) फोनच्याच मोबाइल कंपनीची लागते. भारतात जिओ आणि एअरटेल ही सोय देतात. आयफोनवर वॉच ॲप उघडा, ‘सेल्युलर’मध्ये जाऊन ‘सेट अप’ दाबा, कंपनीच्या पानावर लॉगिन करा. आधी फोन आणि घड्याळ दोन्हींचं सॉफ्टवेअर अपडेट करा. सेटअप बरेचदा तिथंच अडतो.

मग फोनचं ब्लूटूथ व वाय-फाय सेटिंग्जमधून बंद करून तपासा. घड्याळाच्या कंट्रोल सेंटरमधलं सेल्युलर चिन्ह हिरवं झालं की जोडणी झाली. पांढरं असेल तर घड्याळ अजून फोनवर किंवा वाय-फायवरच चालतंय.

ओटीपीची गोष्ट मात्र वेगळी. साधे एसएमएस घड्याळावर यायला घरचा फोन चालू आणि नेटवर्कमध्ये असावाच लागतो. फोन बंद पडला की कॉल येतील, ओटीपी नाही.

सेल्युलरवर सलग बोललात तर बॅटरी एक-दीड तासात बसते. लांब गप्पा फोनवरच बऱ्या. इअरबड थेट घड्याळाला जोडा, नाहीतर अख्खा फुटाळा तुमचं बोलणं ऐकेल.

आणि मे महिन्यात घड्याळ उन्हातल्या गाडीत ठेवू नका. ॲपल वॉच अल्ट्रा सोडलं, तर ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच ते वापरायचं असतं. तापलं की चार्जिंग थांबतं.