मधुमेह असताना तोंडाचे आतले अस्तर घरी कसे तपासावे

तोंड आले की ‘उष्णता झाली’ असे म्हणून चमचाभर गुलकंद खाण्याची आपल्याकडे रीत आहे. मधुमेह असलेल्या व्यक्तीने मात्र येथे थांबावे. गुलकंदात साखर असते हे तर आहेच, पण त्याहून मोठी अडचण अशी की तोंड का आले हे मग कोणी पाहतच नाही.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की लाळेतही ती वाढते, वारंवार लघवी झाल्याने शरीरातील पाणी घटते, लाळग्रंथींना चालना देणाऱ्या नसा दुबळ्या होतात आणि तोंड कोरडे पडू लागते. गाल, जीभ व टाळू यांवरील नाजूक अस्तराला ओलावा आणि संरक्षण देणारी लाळच कमी झाल्यामुळे भाकरीचा एखादा कडक पापुद्राही गालाला ओरखडून जातो, आणि पांढऱ्या पेशींचे काम मंदावलेले असल्याने तो ओरखडा लवकर भरत नाही.

आठवड्यातून एकदा, दात घासून झाल्यावर आणि कवळी असल्यास ती काढून, मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात आरशात पाहावे. गाल बोटाने बाहेर ओढून आतली बाजू पाहावी. जिभेचे टोक स्वच्छ रुमालाने धरून तिच्या दोन्ही कडा व खालची बाजू पाहावी, कारण या जागा सहसा नजरेतून सुटतात. पांढरा थर दिसल्यास ओल्या कापडाने अगदी हलके पुसून पाहावे. थर निघून खाली लालसर जागा उरली, तर बहुधा कँडिडा नावाच्या बुरशीचा संसर्ग असतो. डाग पुसला जात नसेल, तर खरवडत बसू नये; दंतवैद्याला दाखवावा, आणि तंबाखू किंवा मशेरीची सवय असल्यास दुसऱ्याच दिवशी दाखवावा. कवळीखालचा टाळू लाल होऊनही पुष्कळदा दुखत नाही, म्हणून तो न दुखताही पाहावा. ओठांच्या कोपऱ्यांतील चिरांमागेही अनेकदा हीच बुरशी असते.

जीभ गुळगुळीत, लाल आणि झोंबणारी झाली असेल, तर मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी किती वर्षे चालू आहे ते आठवावे. या गोळीमुळे काहींच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. बी-कॉम्प्लेक्सची पट्टी आणण्याचा शेजारधर्मी सल्ला त्यामुळे अगदीच निराधार नसला, तरी आधी रक्ततपासणी करून घेणे बरे.

कोरडेपणासाठी पाण्याचे घोट अधूनमधून घ्यावेत. लिंबाच्या गोळ्या चघळू नयेत, कारण त्यांतील साखर व आम्ल दोन्ही दातांना बाधतात. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. दोन आठवड्यांत न भरलेली कोणतीही जखम, ती दुखो वा न दुखो, दाखवलीच पाहिजे. सूज आणि ताप एकत्र आल्यास तेवढीही वाट पाहू नये.

दवाखान्यात शक्यतो सकाळी, नाश्ता आणि नेहमीची औषधे घेऊन जावे. उपाशीपोटी गेल्यास खुर्चीवरच साखर उतरू शकते. एचबीएवनसीचा, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा अहवाल आणि सर्व गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्याव्यात, कारण बुरशीवरचे मायकोनॅझोल जेल वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांत रक्तस्रावाचा धोका वाढवते आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणामही तीव्र करते.