पाकीट उलटं करा, मग ठरवा

पुढचं ‘मल्टीग्रेन’ राहू द्या, मागची बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात. मैदा, पामतेल, साखर आधी आणि नाचणी शेवटी असेल तर काय ते समजा. माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर ४७१, फ्लेवर एनहान्सर ६२७, ६३१ असलं घरच्या मांडणीवर नसणारं काही दिसलं, की माल बहुधा अतिप्रक्रिया केलेला. आपली सोलापुरी शेंगाचटणी बघा: शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. पाकिटातून आली म्हणून ती वाईट होत नाही (मीठ तेवढं बघा). २०१९च्या अमेरिकी प्रयोगात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ पोटभर खाणाऱ्यांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जादा खाल्ल्या. दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलोनं वाढलं. पोरांच्या डब्यात क्रीमच्या बिस्किटांऐवजी कडक भाकरी, चटणी आणि वर थोडं दही द्या.