मधुमेही मुलाच्या हाती इन्सुलिन सोपवताना

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला स्वतः इंजेक्शन घ्यायला शिकवणे पालकांना वाटते तितके अवघड नसते. अवघड असते ते किती युनिट घ्यायचे हे ठरवणे. म्हणून हाताचे काम लवकर सोपवावे आणि मात्रेचा निर्णय मात्र बरीच वर्षे मुलासोबत बसून घ्यावा.

सुरुवात ग्लुकोमीटरपासून करावी, कारण बोट टोचून आलेला आकडा वहीत लिहिणे प्राथमिक शाळेतल्या मुलालाही जमते. पुढे टोचण्याची जागा त्यालाच निवडू द्यावी. पोटावर किंवा मांडीवर एकाच ठिकाणी वारंवार टोचल्यास त्वचेखाली गाठी होतात आणि तेथे दिलेले इन्सुलिन नीट शोषले जात नाही. सिरिंज वापरत असल्यास बाटलीवरचा ४० किंवा १०० हा आकडा (एका मिलीलिटरमध्ये इन्सुलिनचे किती युनिट आहेत तो) त्याने मोठ्याने वाचावा आणि त्याच आकड्याची सिरिंज उचलल्याचे दाखवावे, कारण येथे अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पटींनी चुकते.

हात थरथरू लागले, घाम फुटला किंवा रक्तातील साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेली, तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज अथवा साखर पाण्यातून घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे मुलाला पाठ हवे आणि त्याच्या वर्गशिक्षकांना व बाकावरच्या मित्रालाही ठाऊक हवे. साताऱ्यात आजी मायेने दप्तरात कंदी पेढा ठेवते. परंतु त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते, तेव्हा अशा वेळेसाठी ग्लुकोजची पूडच बरी. मूल बेशुद्ध झाल्यास तोंडात काहीही न घालता त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

मित्रांबरोबर अजिंक्यतारा चढायला जाण्यास मनाई करू नये. निघण्यापूर्वी साखर तपासावी, खिशात ग्लुकोज असावे, आणि चढणीच्या श्रमाने साखर काही तासांनी, अगदी मध्यरात्रीही उतरू शकते, म्हणून झोपण्यापूर्वी पुन्हा तपासावे. त्या दिवशी मात्रा किती कमी करायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे, आणि तो प्रश्न मुलानेच विचारावा.

खरी कसोटी आठवी-नववीत लागते. ‘मला येतं’ म्हणणारा मुलगा तपासणी टाळू लागतो, आणि वाढलेल्या आकड्यावरून घरात रागावले गेले की वहीत खोटे आकडे येतात. आठवड्यातून एकदा मीटरमधल्या नोंदी दोघांनी मिळून पाहाव्यात. तेव्हा जेवण काय होते, खेळ किती झाला एवढेच बोलावे. ताप किंवा उलट्यांमुळे जेवण गेले नाही तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नसते, हेही याच वयात पक्के करून घ्यावे.

बारावीनंतर पुण्याला शिकायला जायचे असेल, तर मोठ्यांच्या मधुमेहतज्ज्ञांशी पहिली भेट साताऱ्यातून निघण्याआधीच ठरवावी, आणि औषधांची चिठ्ठी, सुया व ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपण्यापूर्वी आणण्याचे काम वर्षभर आधीपासून मुलाकडेच द्यावे.