ग्राफिक्स ड्रायव्हरला हात लावण्याआधी

सगळ्यात आधी लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही आज्ञा 'के' पर्यायासह चालवा. व्हीजीए किंवा थ्रीडी कंट्रोलरच्या ओळीखाली सध्या कोणता ड्रायव्हर चालू आहे ते कळेल. तिथे आय९१५, एक्सई किंवा एएमडीजीपीयू दिसलं तर कार्ड इंटेल किंवा एएमडीचं आहे आणि मुक्त ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. ओपनजीएल आणि व्हल्कन या चित्र काढण्याच्या प्रणाली मेसा ही मुक्त लायब्ररी बघते. उगाच काही उतरवत बसू नका. कार्ड अगदी नवं असेल तरच कर्नल, मेसा आणि फर्मवेअरचं (कार्डावरच चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं) पॅकेज ताजं आहे ना, एवढं तपासा.

खरी तयारी एनव्हिडियावाल्यांना करावी लागते. आधी कार्डाची पिढी शोधा. ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांवर कंपनीने मे २०२२ मध्ये खुली केलेली कर्नल मॉड्यूल्स (कर्नलला जोडले जाणारे ड्रायव्हरचे भाग) चालतात, ब्लॅकवेल या नव्या पिढीला तर तीच लागतात. पण खुला झाला तो फक्त कर्नलमधला भाग. ओपनजीएल, व्हल्कन आणि कार्डावर आकडेमोड करणारी कुडा यांच्या लायब्ररी अजून बंदच आहेत. मॅक्सवेल किंवा पास्कल ही जुनी पिढी असेल तर ड्रायव्हरची ५८० ही शेवटची शाखा, ती धरून ठेवा. या जुन्या कार्डांवर नूवो या मुक्त ड्रायव्हरची फार आशा नको: दुसऱ्या पिढीच्या मॅक्सवेलपासून कंपनीच्या सहीचं फर्मवेअर लागतं, त्यामुळे नूवोला कार्डाच्या घड्याळाचा वेग वाढवता येत नाही आणि कार्ड रांगत राहतं. ट्युरिंगपासून जीएसपी या कार्डावरच्या प्रोसेसरच्या फर्मवेअरमुळे ही कोंडी फुटली. तिथे नूवोवर एनव्हीके हा मुक्त व्हल्कन ड्रायव्हर जरूर चालवून बघा.

ड्रायव्हर डिस्ट्रोच्या, म्हणजे तुमच्या लिनक्स वितरणाच्या रिपॉझिटरीतूनच घ्या. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरची 'रन' फाइल पॅकेज मॅनेजरच्या हिशोबात येत नाही, आणि पुढच्या अपडेटला तो गोंधळ निस्तरणं जिवावर येतं. डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणारं साधन) वापरणार असाल तर चालू कर्नलचे हेडर्स, म्हणजे त्या बांधणीला लागणाऱ्या फाइली, आधी टाका. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर रोखणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉल करताना मागितलेला पासवर्ड लिहून ठेवा. रीबूटनंतर एमओकेची (मालकाच्या किल्लीची) निळी स्क्रीन काही सेकंदच थांबते. तेवढ्यात कळ दाबून किल्लीची नोंदणी केली नाही तर बूट पुढे सरकतं आणि मॉड्यूल लोड होत नाही. जुना कर्नल काढू नका, आणि काळी स्क्रीन आलीच तर ग्रब या बूट मेनूमध्ये, ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवणारं 'नोमोडसेट' कुठे लिहायचं ते आधीच बघून ठेवा.

शेवटी 'जीएलएक्सइन्फो' चालवून रेंडररची ओळ वाचा. तिथे एलएलव्हीएमपाइप दिसलं, तर चित्र कार्ड नव्हे, सीपीयू काढतोय.