मोत्याचा सर घरी गाठवायचा असेल तर

सर तुटतो तो दोऱ्यामुळे, मोत्यांमुळे नाही. माझ्याकडे सर गाठवायला घेऊन येणाऱ्या बायका मोत्यांबद्दल भरभरून बोलतात. सासूबाईंचे आहेत, हैदराबादला चारमिनारपाशी घेतले, अस्सल आहेत ना बघा जरा. दोरा कुठला आहे हे मात्र एकीलाही माहीत नसतं. मग ऐन हळदीच्या गर्दीत तो दगा देतो आणि चौघीजणी साड्या सावरत सतरंजीवर ओणव्या होतात.

हे काम मूळचं पटवेकऱ्यांचं, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठवून देणाऱ्या कारागिरांचं. कोल्हापुरात गुजरीतल्या सराफाकडे साज दिला, तरी तो रेशमात गाठवतो पटवेकरीच. सोन्याचा जड दागिना त्यांच्याकडेच द्यावा. तन्मणीही. त्यात खोडाच्या, म्हणजे मधल्या पदकाच्या, दोन्ही बाजूंना मोत्यांचे बरेच सर सारख्या लांबीत पडावे लागतात, आणि एक जरी सर ढिला राहिला तरी गळ्यात तोच आधी दिसतो. पण एकेरी सर घरी सहज होतो. त्याचीच रीत सांगते.

जुना दोरा कापायच्या आधी सराचा फोटो काढा आणि पट्टीने लांबी मोजून कागदावर लिहा. सर उतरत्या मोत्यांचा असेल, म्हणजे मधे मोठे आणि कडेला लहान, तर हे फारच गरजेचं. एकदा मोती वाटीत पडले की साडेपाच आणि सहा मिलिमीटरमधला फरक शोधताना डोळ्यांत पाणी येतं. टर्किश टॉवेलची घडी घालून तिला एक लांब चुणी पाडा, सर त्या चुणीत आडवा ठेवा आणि मग दोरा एका टोकापासून हळूहळू कापत मोती तिथेच, त्याच क्रमाने सोडा. टॉवेलवर मोती घरंगळत नाहीत. ताटात किंवा काचेच्या टेबलावर हे काम करू नये. पंखा चालू राहू द्या, पण दारातून मांजर, नातू वगैरे कोणी येणार नाही एवढं बघा.

मोती धुवायचे तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, हलक्या हाताने चोळणं, साध्या पाण्यात दोनदा काढणं आणि सुती फडक्यावर रात्रभर वाळवणं. बस्स. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांच्या जवळपास नेऊ नका. मोती म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, आंबट लागलं की वरचा थर विरघळतो आणि गेलेली झळाळी परत येत नाही. रिठ्याचं पाणी सोन्याला ठीक आहे, पण तेही थोडं आंबटच असतं, म्हणून मी मोत्यांना लावत नाही. सराफाकडचं अल्ट्रासॉनिक यंत्रही मोत्यांसाठी नाही.

अस्सल की नकली, हे बघायला दाताची परीक्षा पुरते. मोती समोरच्या दाताच्या कडेवर अलगद घासा. खऱ्या मोत्याला बारीक खरखर लागते, काचेचा किंवा प्लॅस्टिकचा गुळगुळीत सरकतो. मग भिंग घेऊन छिद्राची कड बघा. नकली मोत्याचा रंग तिथे पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो. पण दाताला नैसर्गिक आणि कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम पिकवलेल्या, मोत्यातला फरक कळत नाही, कारण वरचा थर दोन्हींचा खराच असतो. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ साली अर्धगोल मोती पिकवून दाखवला. पुढे गोल कल्चर्ड मोत्यांनी बाजार भरला आणि आखाती समुद्रातल्या मोत्यांचा, ज्यांना आपण बसरा मोती म्हणतो आणि जे मुंबईच्या बाजारात यायचे, त्यांचा धंदा बसला. म्हणून पणजीच्या नथीतले किंवा सरातले मोती लहान, थोडे वेडेवाकडे, सायीसारख्या रंगाचे आणि अगदी बारीक छिद्राचे असतील, तर आधी रत्नांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी करून घ्या. बसरा निघाले तर छिद्र मोठं करायला त्यांना कानस लावायची नाही. दोरा बारीक घ्यायचा, मोती आहे तसाच राहू द्यायचा.

आता दोरा. रेशीमच घ्या. नायलॉन टिकाऊ असतो हे खरं, पण त्याची गाठ टणक बसते, सर गळ्यात ताठ उभा राहतो, पडत नाही. कार्डावर गुंडाळलेलं, तारेची सुई आधीच जोडलेलं दोन मीटर रेशीम दागिन्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतं. त्यावर नंबर असतो. २ नंबर साधारण ०.४५ मिलिमीटर जाड, ४ नंबर ०.६०. पाच-सहा मिलिमीटरच्या कल्चर्ड मोत्यांना बहुतेक २ नंबर चालतो, पण नंबरावर जाऊ नका, छिद्रावर जा. दोरा छिद्रात जेमतेम मावला पाहिजे. रिकाम्या छिद्रात बारीक दोरा हलत राहतो आणि कडेवर घासून तुटतो. टाकाऊ दोऱ्यावर एक गाठ मारून मोती तिच्यावर ओढून बघा. गाठ छिद्रात शिरली तर दोरा बारीक आहे. रंगही बघून घ्या. जुन्या पिवळसर मोत्यांमध्ये पांढरंशुभ्र रेशीम गाठीगाठीला डोळ्यांत खुपतं, तिथे क्रीम रंग हवा.

रेशीम कार्डावरून काढलं की त्याच्या घड्या तशाच राहतात आणि ते पुढे ताणतंही. म्हणून आदल्या रात्री खिडकीच्या गजाला बांधून खाली कुलूप लटकवून ठेवा. हे न करता गाठवलेला सर महिन्याभरात लांब होतो आणि मोत्यांमधून दोरा डोकावायला लागतो.

आणखी काय लागेल? टोकदार चिमटा, बारीक कात्री, हूक आणि कडी, आणि फ्रेंच वायर. ही वायर म्हणजे सोनेरी तारेची स्प्रिंगसारखी बारीक नळी, आरीवर्कमधल्या जरदोसीची मऊ बहीणच. हुकाच्या धातूवर रेशीम थेट घासू नये म्हणून ती मधे घालायची. तिचे आठ-आठ मिलिमीटरचे दोन तुकडे कापून ठेवा. जोरात ओढली की तिची स्प्रिंग उसवते आणि मग ती कामाची राहत नाही.

गाठींनी लांबी वाढते, याचा हिशोब आधी करा. सहा मिलिमीटरचे ७० मोती नुसते ओवले तर ४२ सेंटिमीटर होतात. मधे ६९ गाठी पडणार. एकेक गाठ पाऊण मिलिमीटरच्या आसपास धरली तरी सर ४७ सेंटिमीटरपर्यंत जातो. गळ्यालगत हवा असेल तर मोती कमी करा आणि उरलेले जपून ठेवा. गाठी गाळून लांबी आखूड करू नका. गाठी असल्या की सर तुटला तरी एकच मोती पडतो, आणि मोती एकमेकांवर घासत नाहीत.

सुरुवात अशी. सुईत तीन मोती ओवा, मग वायरचा तुकडा, मग हूक. सगळं दोऱ्याच्या शेपटाकडे, म्हणजे सुई नसलेल्या टोकाकडे, सरकवा आणि शेपूट पंधरा सेंटिमीटर बाहेर राहू द्या. आता सुई उलटी फिरवून हुकाच्या लगतच्या मोत्यातून परत काढा. हळू ओढा, वायर वाकून हुकात छोटा गोल होईल. इथे चालत्या दोऱ्याची शेपटाभोवती एक गाठ मारा. पुढच्या मोत्यातून सुई परत, पुन्हा गाठ. तिसऱ्यातून परत, गाठ. या तीन मोत्यांतून दोरा दोनदा जातो, म्हणून सर्वांत मोठ्या छिद्राचे तीन मोती आधीच निवडून टोकाला ठेवा. दुसऱ्या टोकासाठीही तसेच तीन. कल्चर्ड मोत्याचं छिद्र किंचित कमी पडत असेल तर हिऱ्याची पूड बसवलेली बारीक गोल कानस मिळते, ती मोती पाण्यात बुडवून फिरवा. कोरडी फिरवली तर मोती तापतो, कड फुटते.

पुढचे मोती एकेक करून. हाच खरा हातखंड्याचा भाग, म्हणून सावकाश सांगते. मोती गाठीपर्यंत सरकवा. डाव्या हाताच्या दोन बोटांभोवती दोऱ्याचा मोठा फास करा आणि आतापर्यंत झालेला सर त्या फासातून खाली सोडा. झाली साधी गाठ, पण ती अजून सैल आहे. चिमट्याचं टोक फासातून आत घाला आणि मोत्याला अगदी चिकटून दोरा पकडा. आता उजव्या हाताने दोरा ओढत फास चिमट्यावरून खाली उतरू द्या. तो टोकापाशी आला की चिमटा अलगद काढून घ्या आणि ओढतानाच अंगठ्याच्या नखाने गाठ मोत्यावर दाबा. टिक असा बारीक आवाज येतो. मोती आणि गाठ यांच्यामध्ये फट राहिली तर गाठ आवळायच्या आधी जाड सुईने सोडवा. आवळल्यावर ती सुटत नाही, रेशमाचे तंतू निघतात. पहिल्या दहा गाठी वाकड्या येतील, येऊ द्या. हात बसला की ओढ एकसारखी पडते, आणि ओढ एकसारखी पडली तरच सर गळ्यात गोल बसतो.

शेपटाचं उरलेलं टोक पुढच्या एका मोत्यात जात असेल तर घाला, नाही तर गाठीजवळ कापून गोंदाचा सुईच्या टोकाएवढा थेंब लावा. इन्स्टंट ग्लू मात्र नको. त्याने रेशीम काचेसारखं कडक होतं आणि तिथेच मोडतं.

शेवटी तीन मोती उरले की गाठी मारायच्या थांबा. तिन्ही नुसते ओवा, वायर घाला, कडी घाला, आणि शेवटच्या मोत्यातून परत या. पूर्ण ओढून घेऊ नका. तीन मोत्यांच्या आसपास तीन गाठींची जागा मोकळी राहिली पाहिजे. मग सुरुवातीसारखंच एकेका मोत्यातून परत येत गाठी मारा. नवशिके इथेच फसतात. दोरा आवळून टाकतात आणि मग गाठ मारायला वाव उरत नाही. शेवटची गाठ मारून झाली की जमल्यास आणखी एका मोत्यातून सुई काढा, मग कापा.

मधे रंगीत खडे घालायचे असतील तर थोडा विचार करा. लाल-हिरवा मणी मोत्यांत शोभतोच, पण खड्यांचा कठीणपणा मोजायच्या मोहस मोजपट्टीवर, जिथे दहा म्हणजे सर्वांत कठीण, मोती अडीच ते साडेचार, अकीक सातच्या आसपास आणि माणिक नऊ. शेजारी शेजारी ठेवले तर खडा मोत्याला खातो. दोन्ही बाजूंना गाठ हवीच. त्यावर सोन्याचा लहान मणी घातला तर उत्तम, बावीस कॅरेट सोनं मऊ असतं. पोवळं मोत्याच्याच जातीचं, तेही मऊ आणि आंबटाला भिणारं, त्यांची जोडी जमते. खंबातचा अकीक मला फार आवडतो, भाजून लाल केलेला, रंग पक्का आणि किंमत आवाक्यातली. पाचूचे मणी मात्र धुवू नका. बहुतेक पाचूंना भेगा झाकायला तेल पाजलेलं असतं, गरम पाण्याने आणि साबणाने ते निघून जातं आणि भेगा उघड्या पडतात.

माणिक म्हणून स्वस्तात मिळणारे मणी बऱ्याचदा रंगवलेले स्फटिक असतात. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन कापसावर घेऊन एक मणी पुसून बघा, पण मोती त्यापासून दूर ठेवून. कापूस गुलाबी झाला तर घामानेही रंग सुटणार आणि तुमचं क्रीम रेशीम डागाळणार. खड्याच्या छिद्राची कडही बोटाला नाही, दोऱ्याला विचारा. टाकाऊ रेशीम त्यातून दहा-पंधरा वेळा मागेपुढे ओढा. तंतू उचकटले तर कानस फिरवून कड गोल करा, नाही तर तो मणी बाजूला ठेवा. असा एकच मणी अख्खा सर तोडतो.

वापरताना अत्तर, स्प्रे, केसांचं तेल सगळं आधी, सर सगळ्यांत शेवटी. घरी आलात की सर आधी काढायचा, मऊ फडक्याने पुसायचा आणि आडवा ठेवायचा. खुंटीला टांगलात तर रेशीम ताणतं. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीतही नको, मलमलची पिशवी बरी. रोज वापरात असेल तर वर्षातून एकदा सर नव्याने गाठवायचा, फक्त सणावारी घालत असाल तर गाठी काळपट दिसायला लागल्या किंवा मोती दोऱ्यावर मागेपुढे सरकायला लागले की. गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यात मात्र कोणाकडे गाठवायला नेऊ नका. आमच्याकडे तेव्हा चिंचपेट्यांचा ढीग पडलेला असतो.